तोंडातले तांदूळ

"आ कर," काकू म्हणाल्या. मी तोंड उघडलं. त्यांनी बोलावलेल्या महाराजांनी मंतरलेल्या तांदळाची मूठ माझ्या तोंडात कोंबली.

"चाव आता," महाराज म्हणाले. "ज्यानं चोरलं त्याची थुंकी आटते. दाणे कोरडेच निघते."

काकूंच्या मुलीचं, नलूताईंचं, सोन्याचं कानातलं हरवलं होतं. शहरातल्या महाल वस्तीतल्या त्या घरात संशयित दोनच. भांडेवाली मावशी आणि मी. घरचे ओट्यावर बसून पाहत होते.

मावशी सुटली होती. तंबाखू खाणारी बाई, तिच्या तोंडाला सदाचं पाणी.

मी उमरेडची. बापाचा माग बंद पडला, सातवीतून शाळा सुटली, वरकामाला इथं आले. दोन वेळचं जेवण, नलूताईंचे जुने कपडे. आणि वाचनालयातून त्यांच्या कादंबऱ्या आणायचं काम. परत करायच्या आधी मला वाचू द्यायच्या. या उपकारानं मी इतकी वाकले होते की काकूंनी हाक मारायच्या आधीच उठायची.

त्याच आठवड्यात एक कादंबरी आणली होती. एका शाळकरी पोरीला गाव चेटकीण ठरवतं. मैत्रिणीही गावाच्या बाजूनं जातात. नलूताईंनी रडून उशी भिजवली. माझ्याच वयाच्या त्या. म्हणाल्या, "मी असती ना वं तिथं, एकटीनं उभी राहिली असती तिच्यासाठी."

मला खरं वाटलं.

मी चावत होते. जीभ लाकडाची. शाळेत मास्तरांनी नाव घेतलं तरी माझं असंच व्हायचं. पळसाच्या पानावर थुंकले. पांढरे, कोरडे, अर्धेमुर्धे दाणे.

काकूंनी थोबाडीत दिली. काका हसले, "पुस्तकं वाचते म्हणे! चोरी कोणत्या पुस्तकात शिकली वं?"

मी नलूताईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे चकाकत होते. पुढचं पान उलटताना चकाकायचे, तसेच.

"आई, अजून एक मूठ दे ना तिले," त्या म्हणाल्या. "कबूल होईल."

महाराजांनी मूठ भरली. मी दात आवळले. काकूंनी माझं नाक दाबलं. "आमचं मीठ खाल्लं ना? मग हे खायले काय झालं?"

श्वास कोंडला. मी महाराजांचा हात झटकला. तांदूळ अंगणभर उडाले.

"आधी ताईले द्या. काकाले द्या. तुमी बी खा. मंग मी खाईन."

कोणी हात पुढे केला नाही. काका मागे सरकले. नलूताईंनी ओठ गच्च मिटले. तेव्हा कळलं. भीती त्यांनाही होती. मूठ कोणाच्या तोंडात जाईल, तेवढं त्यांच्या हातात होतं.

मी चपला घातल्या. "थांब!" काकू ओरडल्या. मी थांबले नाही.

पुढे उमरेडच्या बाजारात मावशी भेटली. "नलूताईचं कानातलं, माहीत हाय का वं..."

"सांगू नको, मावशी."

"अवं, आयक तं!"

नाही ऐकलं. कधी ऐकणार नाही. त्या घरानं खाऊ घातलं, वाचू दिलं. ते मी विसरले नाही. पण कानातलं सापडलं तर मी खरी, नाही सापडलं तर मी चोर, हा न्याय मला मंजूर नाही. मला निर्दोष ठरवायचा हक्कसुद्धा मी त्या ओट्यावरच्यांना देणार नाही.