गोठ्यातली हवा

नातीनं काचेच्या बाटल्या आणल्या तेव्हा मी जेमतेम पासष्टीची, म्हणजे अक्कल फुटायच्या आधीची. आमच्या शिरोळच्या गोठ्यातली हवा ती तपासायला नेणार होती. हवेतल्या मिथेनमधला कार्बन हलका निघाला तर तो म्हशीच्या ढेकरांचा, जड निघाला तर जाळपोळीचा, असं तिनं सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की म्हशींवर आळ आलाय.

मग मी पहाटेच गोठा झाडला आणि शेणी पेटवून, वर लिंबाचा पाला टाकून झकास धुरी दिली. नात दारातच थबकली.

"आज्जे, हे काय केलंस? माझ्या अभ्यासाचं वाटोळं की!"

"अगं, हवा चांगली नको व्हायला? आपल्या म्हशींच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"आता कार्बन जड निघंल. म्हशीची हवा कुठनं आणू मी?"

दुसऱ्या दिवशी धूर विरल्यावर नात बाटली भरत असताना, माझा श्वास त्यात जायला नको म्हणून मी नाकाला पदर लावून अंगणात उभी राहिले. म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

पुढं कार्बन हलका निघाला. म्हणजे दोष म्हशींचाच ना? मग नात एवढी का नाचली, ते मला अजून उमगलेलं नाही.