भोंग्यातून न आलेलं गाणं

"लई जाय, मी नही म्हनत नही. पन पयले बठ्ठी तबकडी आयकीसन मंग लई जाय."

अभिमन नाना बॅटरीच्या तारा फडक्यानं पुसत होते. समोर खाटेवर मांगीलाल अवघडून बसलेला. पाचोऱ्याच्या कापडवाल्यांचा पोरगा. नानांचा धनसिंग अन् तो कॉलेजात एका बाकावर बसत. ती विलायती तबकडी मांगीलालनं मुंबईहून आणलेली. धनसिंग ऐकायला म्हणून घेऊन आला, ती इथंच राहिली. चैतात लिंबावर भोंगा बांधताना फांदी मोडली अन् धनसिंग पडला. तीन दिवस जगला. आता तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, अन् मांगीलाल आपली तबकडी मागायला आला होता.

"इंग्रजी आहे हो, नाना."

"चोवीस वरीसपाइन गाना वाजाडी ऱ्हायनू मी. इंग्रजी शे ते समजस माले."

लग्नाकार्यात भोंगा लावणं हा नानांचा धंदा, अन् गाणं पारखायची त्यांची रीत एकच. भोंगा लिंबावर चढवायचा, घरातल्याला तबकडी लावायला सांगायचं, अन् आपण गावाच्या शिवेवर जाऊन उभं राहायचं. तिथवर गाणं स्वच्छ आलं, तर तबकडीच्या पुठ्ठ्यावर छापलेल्या त्याच्या नावापुढं तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट लावायचं. नाही आलं, तर गाणारा कितीही मोठा असो, नानांच्या लेखी मुका.

पहिलं गाणं लागलं. ढोल धबाधब वाजायला लागले.

"हाई वरातले चाली. घोडं बी नाची."

दुसऱ्याला नानांनी मान वाकडी केली. "हाऊ मानूस गाई ऱ्हायना का रडी ऱ्हायना?"

"प्रेमाचं गाणं आहे, नाना."

"मंग रडी ऱ्हायना."

तिसऱ्यात नुसत्या तारा छेडणं चाललं होतं. "पंगत उठी जाई, भांडा घासाई जातीन, तरी हाई सरनार नही."

मांगीलाल हसला. तेवढ्यात आतून भिकुबाई, धनसिंगची माय, ओरडली, "आते देई टाका ना ती! रोज दुपारले तीच लावतस. म्हैस पान्हावत नही त्या वरडाघाई!"

मांगीलालचं हसू तिथंच थांबलं. नानांनी तबकडी उलटी केली. मागची बाजूही तशीच तपासली. एक गाणं हळदीला चालेल म्हणाले, दोन फुकट गेली. मग शेवटचं लागलं. बारीक आवाजाचं, सावकाश चालणारं. मध्यावर आलं अन् टक्क झालं. तोच शब्द पुन्हा, टक्क, पुन्हा तोच शब्द. नानांनी बोटानं सुई उचलून पुढं ठेवली. रोजची सवय असल्यासारखी.

"हाऊ चरा मी करेल शे," ते म्हणाले. "भर मांडवमा धनसिंगनी हाई गानं लावं. नवरीना बाप हासना, बठ्ठा मांडव हासना. मी सुई वढी. चार महिना माले बोलना नही तो. बांध म्हनं का बांधे, उतर म्हनं का उतरे."

गाणं संपलं. रिकामी खरखर फिरत राहिली.

"मांगीलाल, एक सांग. त्याले कोनतं आवडे?"

पोरगा चांगला होता. तो म्हणाला, "पहिलं, नाना. ढोलाचं."

नानांनी पुठ्ठा त्याच्यापुढं धरला. सगळ्या नावांत एकाच नावापुढं चुना वाळला होता. शेवटच्या. बोट नानांचं नव्हतं, बारीक होतं.

"मंग आठे चुना कोनी लावा?"

मांगीलालनं खाली पाहिलं. "शेवटचंच," तो म्हणाला. "मला म्हणाला होता, शिवेवर ऐकलं, स्वच्छ आलं. नानाला ऐकवणार म्हणाला."

"मी बी गयथू शिववर," नाना म्हणाले. "तो गया त्याना मंग. तुनी काकूनी लावं. त्या 'टक्क' लगून उनं. पुढलं नही उनं."

"नाना, राहू द्या ती तुमच्याकडं. मी दुसरी आणीन."

"तुनी वस्तू शे. लई जाय." नानांनी तबकडी पुठ्ठ्यात सरकवली, वर जुना पेपर गुंडाळला, सुतळीनं बांधली अन् त्याच्या हातात दिली.

सायकलची घंटी गल्लीबाहेर गेल्यावर भिकुबाई दारात आली.

"दिधी?"

"दिधी."

"मंग आते दुपारले काय करशात?"

शेजारच्या गावची गाडी दारात येऊन उभी होती. संध्याकाळी तिथं हळद होती. पेटी, बॅटरी, भोंगा, तबकड्यांची ट्रंक नानांनी गाडीत चढवली. लग्नघरी पोचल्यावर यजमान म्हणाला, झाडावर चढायला आमचा एखादा गडी देतो. नानांनी धोतराचा काचा मारला, भोंगा खांद्यावर घेतला अन् छप्पन्नाव्या वर्षी लिंबावर चढले. फांदी आधी पायानं दाबून पाहिली. मग दोरीची एक गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली, अन् खाली ओरडले, "लावा रे!"