बॉनेटखालचा नैवेद्य

शहाणपणाच्या भरात केलेल्या मूर्खपणांची माझ्याकडे मोठी इस्टेट आहे. त्यात पहिला नंबर याचा: गाडीत स्टिअरिंगच्या मागे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटला, आणि मी कपाळावरची टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. मोठी, मरून रंगाची. दिवा बरोबर झाकला गेला. पर्समधली दुसरी टिकली मी स्वतःला लावली आणि गाडी चालू केली. आरशात बघितलं तर आम्ही दोघीही सौभाग्यवती दिसत होतो.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते. नुकतीच गाडी शिकले होते आणि अख्ख्या कोल्हापुरात माझ्याएवढ्या सफाईने चालवणारी दुसरी बाई नाही असं माझं मत होतं. या मताची मी एकटीच होते. फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हा आमचे हे एवढंच म्हणाले होते, "आता आणखी एक तक्रार आली की विकून टाकतो." ते बोलतात कमी आणि बोललेलं लगेच करतात. म्हणून दिवा त्यांच्या नजरेला पडायला नको होता.

आणि त्या दिवाळीला गाडी मला हवीच होती. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, यांचा एकुलता एक भाऊ कुरुंदवाडला. दरवर्षी भाऊबिजेला तोच आमच्याकडे यायचा. त्या वर्षी गणपतीनंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि तो अंथरुणाला खिळला. आत्तींच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. मी म्हटलं, मी नेते. त्या म्हणाल्या, "ने बाई. एवढी ओवाळणी झाली की मी मोकळी. आता ही शेवटचीच धर." त्या दिवसापासून त्यांनी भावासाठी घेतलेला टॉवेल-टोपीचा आहेर उशाशी ठेवून दिला होता.

दिवा पेटल्यापासून मी माझ्या अकलेप्रमाणे उपाय करत होते. पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून पंप बदलला. दृष्ट लागली असेल म्हणून लिंबू-मिरची बांधली. मग गाडीतून काहीतरी खुळखुळायला लागलं, तर रेडिओ लावला. रेडिओ मोठा केला की खुळखुळ बंद होते हा शोध माझाच. गॅरेजमध्ये जायचं तर गॅरेजवाला यांच्या ओळखीचा, संध्याकाळपर्यंत बातमी घरी. बॉनेट उघडून बघावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही.

भाऊबिजेच्या सकाळी हे आपल्या बहिणीकडे पेठ वडगावला स्कूटरवरून गेले, आणि आम्ही दोघी उलट्या दिशेला निघालो. आत्तींनी नवी इरकल नेसली होती, मांडीवर ओवाळणीचं ताट. उचगावच्या जवळ गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. मी रेडिओ आणखी मोठा केला.

"ते गाणं बंद कर," आत्ती म्हणाल्या.

मी बंद केलं.

"भांडं वाजतंय. गाडीत भांडं कुठलं गं?"

"रस्ता खराब आहे, आत्ती."

"रस्ता कसा वाजंल?" मग त्यांची नजर टिकलीवर गेली. "आणि हिला कुकू कुणी लावलं?" त्यांनी नखाने टिकली उचकटली. खालून पिवळा दिवा मोठ्या डोळ्यांनी आम्हा दोघींकडे बघायला लागला. आत्ती त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. आणि ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

रस्त्याकडेला एका गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. मेकॅनिक नव्या शर्टात बहिणीची वाट बघत बसला होता. आत्तींनी खिडकीतूनच हाक दिली, "पावणं, सणाचं तरास देतोय, पण माझा भाऊ वाट बघतोय की."

तो उठला. स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडून बघितलं. "काकी, एका सेन्सरचं सिग्नलच येत न्हाय. सेन्सर गेला असंल न्हायतर वायर. वायर असंल तर आत्ता करून देतो. सेन्सर असंल तर पार्ट मागवायला लागंल, त्ये दिवाळी झाल्यावर."

आत्तींनी विचारलं, "मग भाऊबीज पुढं ढकलायची व्हय?"

त्याने बॉनेट उघडलं आणि आत वाकला. बराच वेळ वाकलेलाच. मग विचारलं, "काकी, हितं जेवण कुणी वाढलंय?"

आत झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांचं नि चिंध्यांचं घरटं होतं. कुरतडलेलं खोबरं होतं. आणि एका पाइपाच्या सांदीत अडकलेली पितळेची वाटी, जी आत्ती दसऱ्यापासून देवघरात शोधत होत्या आणि मीही मन लावून शोधायला मदत करत होते.

मग सगळं आठवलं. खंडेनवमीला यांनी गाडीला हार घातला, हळदकुंकू लावलं. मला वाटलं, ही वरवरची पूजा झाली. कष्ट करतं ते इंजिन, त्याला कोण विचारतं? म्हणून मी गुपचूप बॉनेट उघडून चार फुलं वाहिली, वाटीत गूळ-खोबरं ठेवलं, हात जोडले आणि बॉनेट लावून घेतलं. वाटी आतच. उंदराला आमंत्रण मिळालं. प्रसाद संपत आल्यावर त्याने वायर खाल्ली.

"वायरच हाय," मेकॅनिक म्हणाला. "तांबं उघडं पडलंय. सेन्सर चांगला हाय तुमचा."

त्याने वायर जोडली, टेप गुंडाळली, यंत्रावर बोट फिरवलं. मी किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक विझत गेले आणि पिवळाही विझला. तेवढ्यात त्याची बहीण रिक्षातून उतरली. आत्तींनी ताटातला एक लाडू तिच्या हातावर ठेवला.

कुरुंदवाडला पोचलो तेव्हा मामांना, म्हणजे आत्तींच्या भावाला, पाठीला लोड देऊन बसवलेलं होतं. आत्तींनी आधी वाटी मागितली. चिंच लावून घासली, त्यात तेल-वात घातली आणि त्या वाटीनेच भावाला ओवाळलं. मामांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, पण हसताना सरळ वाटलं. एका हाताने त्यांनी ताटात ओवाळणी टाकली. ती खाली पडू नये म्हणून आत्ती ताट वर धरत गेल्या.

परतीला अंधार पडत आला होता. रेडिओ बंद. आत्ती शेजारी, मांडीवर वाटी. मी वाट बघत होते की आता बोलणी बसतील, घरी गेल्यावर सगळं यांच्या कानावर जाईल. उचगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्या बोलल्या:

"पोराला काय सांगू नगंस, मीबी न्हाय सांगत. पर पुढल्या वर्षी उंदराचा निवद अंगणात ठेव, आणि काय पेटलं की मला दाव. मला अजून लई येळा भावाकडं यायचं हाय."