दसऱ्याच्या परमिटवरची सही

"नीचे रखो! ज़मीन पे रखो!" पार्कचा पठाण गार्ड असा ओरडत होता की पार शारजापर्यंतची कबुतरं उडाली असतील. बोट माझ्याकडे होतं, कारण बंदूक माझ्या हातात होती.

लाकडाची. एवढा एक शब्द सांगायचा राहून गेला.

दसऱ्याची सकाळ, दुबईच्या अल कुसैसमधलं पार्क, आमचं मराठी मंडळ. एरवी शस्त्रपूजन आम्ही घरीच करतो. कुणी लॅपटॉप मांडतं, कुणी ड्रिल, माझी बायको विळी ठेवते. यंदा मंडळाची निवडणूक जवळ आलेली, म्हणून अध्यक्षांना पूजा उघड्यावर हवी होती. फोटोत शौर्य दिसलं पाहिजे म्हणे. नाटकातली ठासणीची बंदूक त्यांनी काळ्या ऑइलपेंटने रंगवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मिशा चांगल्या आहेत म्हणून मला धरायला दिली. परमिट काढलंय, सगळं चालतं, हे तीनतीनदा सांगून.

मी वाकलो. बंदूक गवतावर टेकेपर्यंत माझ्या दाढीत चार केस पांढरे झाले. दहावीतली मुलगी मागून हळूच म्हणाली, "बाबा, डोन्ट मूव्ह." चटयांवरची तीनशे माणसं गायब झाली होती. बायको म्हणते चाळीसच होती. असतील, पण पळाली तीनशेंसारखी. सर्वांत पुढे अध्यक्ष.

सुपरवायझर फाइल घेऊन आला. तो ओरडला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने बंदुकीवर टकटक केलं, बोटाला लागलेली हळद हुंगली आणि परमिट माझ्यासमोर धरलं. शस्त्र आणायचं नाही, खेळण्यातलंसुद्धा नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव, माझा एमिरेट्स आयडी नंबर. मंडळाच्या यादीसाठी म्हणून मी अध्यक्षांना कार्डाची कॉपी दिली होती. आणि सही. माझ्या सहीपेक्षा सुबक, पण माझी नव्हे.

ही तुझी सही का, त्याने विचारलं.

नाही म्हणालो असतो तर खोट्या सहीचं प्रकरण पोलिसांत गेलं असतं, आणि बंदूक कुणाच्या हातात होती ते चाळीस जणांनी सांगितलं असतं. हो म्हणालो तर नियम मी मोडला. दोन्हीकडून व्हिसाच जाणार होता. मुलीची बोर्डाची परीक्षा, सोळा वर्षांची नोकरी, सगळं त्या कागदावर लटकलेलं. निदान पोलीस टळतील म्हणून मी हो म्हणालो. 

त्याने कार्डाचा फोटो काढला, बंदूक ठेवून घेतली आणि गरज पडली तर फोन येईल म्हणाला. "खलास. यल्ला." म्हणजे संपलं, निघा.

त्यानंतर तीन आठवडे अनोळखी नंबर वाजला की मी फोन उशीखाली कोंबून वर बसायचो. कुरिअरवाल्यालासुद्धा "येस सर" म्हणायचो. फोन काही आला नाही. अध्यक्ष मात्र बिनविरोध निवडून आले.

शेवटी त्यांच्या घरी गेलो. चहा आला. विचारलं, "अध्यक्षसाहेब, परमिटवर माझंच नाव का घातलंत?"

बशीत चहा ओतत ते म्हणाले, "माझा व्हिसा रिन्यूला होता."