पंचमीची कुदळ

माझ्या बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धम्माची दीक्षा घेऊन आल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात त्याने नागपंचमीला परसात कुदळ चालवायचं ठरवलं. त्या दिवशी जमीन खणू नये, चुलीवर तवा ठेवू नये, हे महागावकडच्या आमच्या डोंगराकाठच्या गावात सगळेच पाळत. "आपुन नाग पुजत नाही, मंग त्याच्या दिवसाचं भेव कायले?" असं म्हणून त्याने आईला भाकरी टाकायला लावली. तिने नाइलाजाने तवा चढवला. इतकी वर्षं तिने वारुळाला दूध नेलं होतं. मला मात्र भारी मजा वाटत होती.

तिसऱ्याच घावाला साप निघाला. नाग कसला! वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, काळपट, उन्हात निळसर चमकणारा. तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळू नये असा. वर सागाच्या रानात ओल्या पाचोळ्याखाली तो राही, पावसात कधी खाली येई. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. लांबून पाहणारे त्याला गांडूळच समजत. कुदळीने त्याचे दोन तुकडे झाले होते आणि दोन्ही वळवळत होते.

"आता तरी दूध ठेवा जी," आई रडकुंडीला आली.

बापाने कुदळ बाजूला टाकली. "नागाचं भेव नाही वं मले. जीव मारणार नाही म्हून दीक्षेच्या वक्ती शबद देल्ला होता मी. वरीसबी नाही झालं."

त्याने ते तुकडे तिथेच पुरले. त्या दिवशी भाकरीला कुणी हात लावला नाही.

पुढच्या पंचमीला तो पुन्हा परसात उतरला. हट्टी तो हट्टीच! पण कुदळ भिंतीला टेकवून, गुडघ्यांवर बसून तो हातांनी माती उकरू लागला. कुंपणापलीकडून शेजारी हसला, "आला ना शेवटी नागाच्या पाया पडाले!" मला असा संताप आला की बस्स. बाप माती उकरतच राहिला.

तिसऱ्या वर्षी आई तव्यावर भाकर तशीच टाकून बाहेर आली नि त्याच्या शेजारी बसून माती उकरू लागली. थोड्या वेळाने तिच्या ओंजळीत मातीसकट तसाच एक साप आला. अख्खा. जिने सापाला जन्मभर लांबूनच हात जोडले, तिने तो तळहातावर धरून बापापुढे केला.

"हा पाहा जी. जित्ता हाये."

बाप रडला. मी त्याला रडताना पाहिलं ते तेवढंच. आत भाकर करपत होती, तरी कुणी उठलं नाही. साप मातीत शिरेपर्यंत आम्ही बसून राहिलो, आणि मग ती करपलेली भाकर तिघांनी मिळून संपवली.