गालावरचा साबण

सिरसाळ्यातला माझा सलूनवाला पोलिसांची जीप दिसली की आधी स्वतःच्याच गालाला साबण फासतो. पंचनाम्याला पंच म्हणून दाढी अर्धी झालेल्या माणसाला कोण नेणार? "एक सही, अन् जल्मभर कोर्टाच्या तारखा, भाऊ!" हे त्यानं मलाही पढवलेलं.

परवा समोरच्या बांगडीवाल्या मावशीचं दुकान कुणीतरी फोडलं. जीप आली, ह्यानं साबण फासला. हवालदार पंच शोधू लागताच सगळा बाजार एकदम कामात बुडाला. मावशी फुटक्या काचांत एकटीच बसलेली.

हा बराच वेळ आरशातून तिच्याकडं बघत राहिला. मग टॉवेलनं गाल खसाखसा पुसला आणि माझ्या मानेभोवतीचं कापडही सोडलं.

"अरे, माझी दाढी अर्धीच झालीय!"

"ऱ्हाऊ द्या. उठा भाऊ, पंच दोन लागतेत."