ठकूमावशीच्या धुतलेल्या काचा

मंडळी, फोटो शिकणाऱ्यांची आपली फिरती वही आजच माझ्याकडे आली आणि आजच हे घडलं. शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या.

लोणावळ्याच्या बाजारात मोळी विकणारी ठकूमावशी माझ्या कॅमेऱ्यासमोर वर्षभर बसली. न हलता बसणारी ती एकटीच. तिच्यावरच माझा हात बसला.

शिकाऊ फोटो म्हणून मी तिचे फोटो उमटलेल्या काचा घमेल्यातल्या गरम पाण्यात घालायचो, चेहरा खरवडायचो आणि कोरी काच गिऱ्हाइकाच्या तसबिरीला लावायचो. तुम्हीही हेच करता.

पावसाळ्यात मावशी तापाने गेली. तिची शेवटची काच मी गेल्या आठवड्यात धुतली, ती गेल्याचं माहीत असून.

आज दुपारी तिचा मुलगा लढाईवरून रजेवर आला.

"भाऊ, 'फोटूवाला मला लय येळा बसवतो,' आसं आई पत्रात कुणाकडनं तरी लिवून घ्यायची. एक तरी द्या. मी तिला पोचवायलाबी न्हवतो."

मी सगळ्या पेट्या उपसल्या. शेवटी खरं सांगितलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने भिंतीवरच्या इनामदारांच्या तसबिरीकडे बोट केलं.

"ही काच आईची आसंल का?"

"असेलही."

त्याने बाहीने काचेवरची धूळ हळूच पुसली.

मला राहवेना. म्हटलं, "बस, तुझा तरी काढतो."

"नगं भाऊ. मी परत न्हाई आलो, तर धुवून टाकशीला."

मंडळी, तुमच्या घमेल्यात आत्ता कोण भिजत पडलंय?